तातडीचा संपर्क

वर्षाचा फोन ओट्यावर पालथा पडला होता आणि त्याला नागलीचं पीठ लागलं होतं, म्हणून वनमालाने तो उचलून पदराने पुसला. वर्षा मागे मोरीत हात धूत होती. पुसता पुसता अंगठा कुठेतरी दाबला गेला, काळा पडदा उजळला आणि त्यावर एक पान उघडलं. वर लिहिलं होतं, तातडीच्या वेळी संपर्क. खाली एकच नाव होतं, चैती. वनमालाने ते दोनदा वाचलं. मग नावाच्या खाली अजून काही आहे का म्हणून पडदा बोटाने वर सरकवून पाहिला. तो सरकलाच नाही, कारण खाली काही नव्हतं. मोरीतला नळ बंद झाला तसा तिने फोन होता तिथे, होता तसा पालथा ठेवला आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये त्या पानावर वर्षाचं नाव होतं, तेही एकटंच. ते दोघींनी एकाच दुपारी, याच खोलीत, एकमेकींना विचारत विचारत टाकलं होतं. म्हणजे वर्षाच्या फोनमध्येही तेव्हा वनमालाचंच नाव होतं. ते आपोआप जात नाही. कुणीतरी आत जाऊन ते काढावं लागतं, खरंच काढायचं का असं फोन विचारतो, त्याला हो म्हणावं लागतं.

"गप्प का गं?" वर्षा हात पुसत आली.

"भाकरी करपेल म्हणून बघत होते."

"तुझी कधी करपलीय?" वर्षा हसली आणि फोन उचलून पिशवीत टाकला.

संध्याकाळच्या जीपने ती जव्हारला परत गेली. वनमाला तिला सोडायला मोखाड्याच्या स्टँडवर गेली होती. बाजाराचा दिवस होता, जीपमध्ये माणसांच्या मांडीवर माणसं बसली होती, आणि वर्षा खिडकीतून हात काढून म्हणाली, "पोचले की कळवते." रोजचंच वाक्य, पण आज वनमालाला वाटलं, आधी कुणाला कळवेल?

दोघी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका. मोखाड्यात कांतीलालच्या किराणा दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी कित्येक वर्षं शेजारी राहिल्या. मधली भिंत इतकी पातळ की एकीच्या खोकल्याला दुसरी उठायची. वर्षाचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला होता, मूल नव्हतं. वनमालाचं लग्न ठरता ठरता राहिलं आणि मग तो विषयच घरातून निघून गेला. दोघी एका जीपने पाड्यांवर जायच्या. सूर्यमाळकडे चढताना वर्षाला मळमळायचं, म्हणून वनमाला पर्समध्ये आवळासुपारी ठेवायची. पुढे तहसील कचेरीमागे एकटे राहणारे गौतम मास्तर वारले. दाराशी दुधाच्या पिशव्या साचल्या तेव्हा लोकांनी दार फोडलं. त्या पिशव्या वनमालाने पाहिल्या होत्या, उन्हाने फुगलेल्या. परत येताना वर्षा म्हणाली, "आपलं असं व्हायला नको." त्यानंतर वर्षाची जव्हारला बदली झाली, भिंत गेली, आणि तिच्या जागी फोन आला. सकाळी उठल्यावर 'उठले' असा मेसेज टाकायचा. पाड्यावरून परतलं की 'पोचले'. दोघींनी आपापलं लोकेशन एकमेकींना कायमचं उघडं करून दिलं. नकाशावर वर्षाच्या फोटोचा एक छोटा गोल दिसायचा. तो हलायचा, थांबायचा, घाटात रेंज गेली की एका वळणावर ताटकळायचा आणि मग एकदम पुढे उडी मारून जव्हारच्या वेशीत उगवायचा. सुरुवातीला वनमाला तो दिवसातून एखाद्या वेळी पाहायची. पुढे जेवताना पाहू लागली, मग बैठकीत टेबलाखाली. नंतर तर पाहायचं असं ठरवावंही लागेना. बोट आपलं आपण तिथे जायचं.

चैती नर्स होती. मूळची सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची, शिकून सरकारी दवाखान्यात लागलेली, वर्षाच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी. वयाने बरीच लहान. वनमालाने तिला एकदाच पाहिलं होतं, वर्षाच्या घरी. ती खाली मांडी घालून मोहाची फुलं निवडत होती आणि वर्षा तिच्या शेजारी, आपल्या गुडघ्यांची तक्रार विसरून, तशीच खाली बसली होती. वनमालाला खुर्ची दिली गेली. खुर्चीवर बसून खाली बसलेल्या दोघींशी बोलायचं म्हणजे आपण पाहुणे आहोत हे दर वाक्याला कळत राहतं. तेव्हापासून वर्षाच्या बोलण्यात चैती येऊ लागली. चैती म्हणते मीठ कमी खा. चैतीने फोनमध्ये काहीतरी करून दिलं, आता बॅटरी टिकते. वनमाला हं म्हणायची. एका रविवारी तिला गोल जव्हारबाहेरच्या शिरपामाळावर दिसला. वर्षा, जिला मोखाड्याच्या बाजारातून चालत घरी यायचा कंटाळा, ती शिरपामाळावर. पुढच्या रविवारी परत. "काल काय केलंस?" असं फोनवर विचारल्यावर वर्षा म्हणाली, "काही नाही, जरा पाय मोकळे केले." कुणाबरोबर ते नाही सांगितलं. नकाशावर माणूस कुठे आहे ते दिसतं, कुणाबरोबर आहे ते दिसत नाही. माळावरचा वारा, उडणारे पदर, ओंजळीतून एकमेकींना दिलेले शेंगदाणे, हे सगळं वनमालाला स्वतः भरावं लागायचं, आणि ती ते फार बारकाईने भरायची. त्याच्याआधी, दसऱ्याच्या सुमारास एकदा गोल नाशिकला गेला होता आणि सबंध दुपार एका जागी थांबला होता. वनमालाने बोटांनी नकाशा मोठा केला. तिथे आजूबाजूला एक थिएटर होतं, एक दवाखाना होता, साड्यांचं एक मोठं दुकान होतं. तिने साड्यांचं दुकान निवडलं. वर्षाही नंतर म्हणाली, "हो गं, साड्या बघायला गेले होते, पण घेतली नाही एकही." सबंध दुपार बघून एकही घेतली नाही, म्हणजे किती मजेत बघितल्या असतील, या विचाराने वनमालाला त्या दिवशी पाड्यावरच्या बायकांशीही धड बोलता आलं नव्हतं.

तरीही आतापर्यंत तिच्याजवळ एक गोष्ट होती. शिरपामाळ त्यांचा असू दे, नाशिक असू दे. पण काही बरंवाईट झालं तर फोन आपल्यालाच येणार. हे असं उघड शब्दांत तिने कधी मनात आणलं नव्हतं. ओट्यावर ते पान पाहिल्यावरच तिला कळलं की आपण इतके दिवस यावर उभ्या होतो. वर्षाच्या मरणावर आपला हक्क आहे असं आपण धरून चाललो होतो, हे लक्षात आल्यावर ती जरा दचकली. पण हेवा त्याने कमी झाला नाही. उलट त्याला बसायला नीट जागा मिळाली.

त्या आठवड्यात ती सकाळचे मेसेज टाकत राहिली आणि वर्षाचे येत राहिले. 'उठले.' या एका शब्दाकडे ती आता संशयाने पाहायची. हाच शब्द तिकडे मागच्या खोलीत तोंडाने सांगितला जात असेल, चहाच्या कपाबरोबर, आणि आपल्याला त्याची उरलेली वाफ मिळत असेल. शनिवारी सुट्टी होती. कांतीलालचं कुटुंब पुतण्याच्या लग्नाला गुजरातेत गेलं होतं, दुकानाचं शटर खाली होतं, जिन्याखालचं त्यांच्या घराचं दारही बंद. वनमाला नेहमीच्या वेळेला उठली, फोन हातात घेतला, 'उठले' टाईप केलं आणि पाठवलं नाही. अक्षरं एकेक करून पुसली. मग फोनच बंद केला आणि कपाटात, घडी केलेल्या साड्यांच्या खाली सरकवून ठेवला. बघू या, असं तिला वाटलं. यापेक्षा जास्त विचार तिने केला नव्हता, निदान तसं तिला वाटत होतं. पण नंतर तिने अंघोळ केली, केस नीट विंचरले, निळी साडी नेसली, वर्षाला आवडणारी. चहाचं आधण दोघींपुरतं काढून ठेवलं. म्हणजे विचार झालेला होता.

मग ती खिडकीशी बसली. फोन नसलेली खोली तिला अनोळखी वाटली. किती आवाज होते त्यात. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती. दूर टँकरशी हंड्यांची भांडणं चालली होती. स्टँडवरून जीपवाल्याची "खोडाळा, खोडाळा" अशी हाक येत होती. ती मनाने वर्षाबरोबर निघाली. आता मेसेज आला नाही हे वर्षाच्या लक्षात आलं असेल. आता तिने फोन लावला असेल, बंद लागला असेल. आता ती चपला शोधत असेल. आता जव्हारच्या स्टँडवर, जीप भरायची वाट न पाहता सगळ्या सीटांचे पैसे देऊ करत असेल. वनमालाला बरं वाटू लागलं, फार बरं, तापात कुणी कपाळावर हात ठेवावा तसं. प्रत्येक वळण तिला पाठ होतं, आणि त्या प्रत्येक वळणावर वर्षा तिच्यासाठी घाबरत होती. चैती या चित्रात कुठेच नव्हती. ऊन खिडकीतून सरकून पलंगावर आलं. स्टँडवर एक जीप येऊन थांबल्याचा आवाज आला, जिन्यावर मात्र कुणी आलं नाही. आणखी एक आली. मग कुणी येतच नाहीये असं वाटून ती कपाटाकडे पाहायला लागली. आणि तेव्हाच दुकानापुढे स्कूटर थांबली, जिना धाडधाड वाजला आणि दारावर थापा पडल्या.

"वनमालाताई, दार उघडा. आत हाव ना तुम्ही? ताई."

तो वर्षाचा आवाज नव्हता.

वनमालाने दार उघडलं. चैती उभी होती. अंगात दवाखान्याचा पांढरा कोट तसाच, केसांवर घाटातली लाल धूळ. तिने वनमालाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, जशी ती रोज माणसं पाहत असेल, पाय, हात, तोंडाची एखादी बाजू वाकडी झालीय का. मग ती दाराच्या चौकटीला टेकली.

"वर्षाताई पालघरला मीटिंगला गेल्यात पहाटे. तिथून फोन केला मला. तुमचा फोन लागत नाय, कांतीलालशेठचा लागत नाय. मी ड्युटीवरून सुटतच होते. तशीच निघाले."

पालघरची मीटिंग, सुट्टीच्या दिवशी लावलेली. वर्षाने ती गुरुवारी सांगितली होती, आणि वनमाला ते ऐकतच नव्हती, कारण ती तेव्हा पलीकडे दुसऱ्या कुणाचा आवाज येतोय का ते ऐकत होती.

"फोन बंद पडला माझा," ती म्हणाली. "काय झालंय त्याला कळत नाही."

"बसा आधी."

चैतीने पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं. तिच्या बोटांचा स्पर्श वनमालाच्या दंडाला झाला, सवयीचा, उबदार, आणि त्या स्पर्शात तिला काहीही वाईट सापडेना याचाच राग आला. पट्टा आवळत गेला. "खूप वर हाय," चैती म्हणाली. मग ती गॅलरीत गेली आणि फोन लावला. "ताई, बऱ्या हायेत. हो. समोर बसल्यात. फोन बिघडला म्हणतात." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. पलीकडून रडण्याचा आवाज येत होता. रेंजच्या खरखरीतूनही तो वर्षाचाच होता हे वनमालाला कळलं. इतक्या वर्षांत तिने वर्षाला फक्त एकदा तसं रडताना ऐकलं होतं, त्या पातळ भिंतीतून. "नका ना रडू, ताई," चैती म्हणत होती, "गोळी घेतली का सकाळची? आधी बसा कुठं तरी. पाणी प्या." ते रडणं वनमालासाठी होतं. पण ते चैतीच्या कानात होत होतं, आणि पुसत होती ती चैतीच. वनमाला पट्ट्याने लाल झालेला दंड चोळत बसली. हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते भलत्याच्या हातात पडलं होतं.

"कसली गोळी?" चैती आत आल्यावर तिने विचारलं.

चैतीने यंत्र पिशवीत टाकलं. "तुमचा फोन द्या, बघते चार्जिंगला लावून."

वनमालाने कपाटातल्या साड्या वर करून फोन काढून दिला. तो कुठून काढावा लागतोय हे काढताना तिच्या लक्षात आलं. चैतीने बटण दाबलं. फोन गाणं वाजवत सुरू झाला आणि कोपऱ्यात बॅटरी पूर्ण भरलेली दिसली. मग राहून गेलेले सगळे मिस्ड कॉल एकामागून एक येऊन पडायला लागले. चैतीने ते पाहिलं, ओट्यावरचं दोघींपुरतं आधण पाहिलं, निळी साडी पाहिली. फोन वनमालाच्या मांडीवर ठेवून ती ओट्याशी गेली आणि गॅस पेटवला.

"मी सांगणार नाय ताईंना," ती म्हणाली.

"गोळी कसली?" वनमालाने परत विचारलं.

चहा गाळताना चैतीने सांगितलं. गणपतीच्या दिवसांत वर्षा न्हाणीत चक्कर येऊन पडली होती. नळ वाहतच राहिला म्हणून चैतीला शंका आली आणि तिने कडी तोडली. ठोके मधेच चुकतात, छातीत. नाशिकच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, अख्खी दुपार गेली. गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं, चालायला सांगितलं. "म्हणून शिरपामाळावर नेते मी. एकट्या जात नायत. नाशिकवाल्या डॉक्टरांनीच सांगितलं, फोनमध्ये जवळच्या माणसाचा नंबर टाका, जो लगेच येऊ शकेल. मोखाड्यावरून तुम्ही येईस्तोवर," ती थांबली. "तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. म्हणाल्या, वनमाला रात्ररात्र झोपणार नाही, एकटी असते तिथे."

साड्यांचं दुकान, ओंजळीतले शेंगदाणे, पदर उडवणारा वारा, सगळं वनमालासमोरून गेलं आणि त्या जागी एक पांढरी खोली आली, वर्षाच्या छातीला चिकटवलेल्या तारा आल्या, माळावर दर थोड्या अंतराने थांबून श्वास घेणारी वर्षा आली. तिला हायसं वाटायला हवं होतं, किंवा लाज. लाज वाटलीही. पण तिच्याखाली ते दुसरं तसंच जागं होतं. वर्षाचं आजारपणही हिच्याकडे होतं. ते न्हाणीतलं भिजलेलं अंग हिने उचललं, ते ठोके हिने मोजले. आपल्याला त्यातलं काही दिलं नाही, आणि तेही आपल्याच काळजीपोटी. रागवायलासुद्धा जागा ठेवली नाही.

वनमालाला एकटं सोडू नको, घेऊन ये, असं वर्षाने फोनवर बजावलं होतं. स्कूटरवर मागे बसून वनमाला घाट उतरली, चढली. धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून चैतीच्या खांद्याला धरलं. भात निघालेली खाचरं करडी पडली होती, पळस फुलला होता. चैती वळणावर हॉर्न वाजवायची आणि मधूनच मान वळवून विचारायची, "बऱ्या हाव ना?" त्या खांद्याचं हाड हाताखाली जाणवत होतं. रात्रपाळी करून आलेली ही बाई झोपेशिवाय स्कूटर चालवते आहे, हे जव्हार जवळ आल्यावर वनमालाच्या ध्यानात आलं.

वर्षा दुपार कलताना आली. तिचा चेहरा उतरला होता. तिने वनमालाला दाराशीच मिठी मारली आणि सोडेना. "उद्याच्या उद्या नवा फोन घेऊ तुला," ती म्हणाली. "हा टाकून दे. मी पालघरला जिन्यात बसले होते, वनमाला. पाय उचलेनात. लोक वरून-खालून जात होते आणि मी नुसती बसले होते." तिच्या खांद्यावरून वनमालाला चैती दिसत होती. चैती भिंतीकडे पाहत होती. तिने शब्द दिला होता आणि ती तो पाळणार होती, आज, उद्या, कितीही वर्षं. यापुढे वर्षाशी बोलताना दर वेळी चैती तिथे भिंतीकडे पाहत उभी असणार, हातात वनमालाची ही गोष्ट घेऊन. ते तिला सहन होईना. पुढे कधीतरी तिला कदाचित वाटणार होतं की आपण खरेपणाने बोललो. पण त्या क्षणी चैतीच्या हातात काही राहू द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

"फोन बिघडला नव्हता," ती म्हणाली. "मीच बंद करून ठेवला."

वर्षाने मिठी सोडली. "का?"

"तू येतेस का ते बघायला."

"मी?"

"तुझ्या फोनमध्ये माझं नाव नाही. मी पाहिलं. हिचं आहे."

वर्षा खुर्चीवर बसली. तिने छातीवर तळहात दाबून धरला, आणि चैती पुढे झाली तशी तिला हातानेच थांबवलं. "किती वेळ बघणार होतीस?"

"तू येईपर्यंत."

"आणि मी त्या जिन्यातच राहिले असते तर?"

सकाळी खिडकीशी बसून तिने वर्षाला प्रत्येक वळणावर घाबरवलं होतं. त्या चित्रात वर्षा पोचणार हे इतकं ठरलेलं होतं की न पोचण्याची शक्यता तिला शिवलीही नव्हती.

"जीप मिळेल अजून," वर्षा म्हणाली. आवाज चढवला नाही. "अंधार व्हायच्या आत जा."

स्टँडपर्यंत चैती आली. जीप सुटली. वेशीबाहेर पडल्यावर वनमालाने नकाशा उघडला. जव्हारचे रस्ते होते, तलाव होता, दवाखान्याची खूण होती. वर्षाचा गोल नव्हता. तिने नकाशा बंद करून परत उघडला, लहान केला, मोठा केला. सगळं गाव रिकामं दिसत होतं. वर्षा झोपली असेल, रडत असेल, चैतीशी बोलत असेल, नसेल. भरायला आता खूणच उरली नव्हती. घाटात रेंज गेली आणि तिने फोन पर्समध्ये टाकला. शेजारची बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. कोंबडीचं उबदार अंग वळणावळणाला वनमालाच्या हाताला लागत राहिलं.

घरी येऊन तिने दिवा लावला. सकाळचे कप तसेच पडले होते. ती पलंगाच्या कडेला निळ्या साडीतच बसून राहिली. काही वेळाने फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मी चैती. पोचल्या का?"

"पोचले."

"दाब परत तपासून घ्या सोमवारी. मोखाड्याच्या दवाखान्यात माझी मैत्रीण हाय, तिला सांगते मी."

"बरं."

चैतीने फोन ठेवला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, भांडं सरकवल्याचा आवाज आला, आणि मग त्या सगळ्याच्या मागून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, चिडका, दमलेला आवाज आला, "जेवली का विचार."

"जेवलात का?" चैतीने विचारलं.

वनमालाने फोन कानाशी घट्ट धरला. हा प्रश्नही हिच्याच हातून यायचा होता. छातीत ते ओळखीचं टोचलं, तसंच, तितकंच. तिकडे कुणीतरी भांडं वाजवायचं थांबलं होतं.

"सांग तिला," ती म्हणाली, "नाही जेवले अजून."